राखेखालची पांढरी गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी सर्वांत आधी वही विकत घेतली. दोनशे पानी, आखीव. डाव्या पानावर 'जुनी' आणि उजव्या पानावर 'नवी' असं लिहिलं, मधोमध लाल शाईनं रेघ मारली आणि अर्धं काम झाल्यासारखा निवांत झालो. नेकनूरच्या बाजूला एका हायस्कुलात मी मराठी शिकवत होतो आणि ग्रंथालयाची दोन कपाटं सांभाळत होतो. कुठलीही गोष्ट आधी वाचायची, मग करायची, आणि वाचून झाल्यावर बहुधा करायचीच नाही, असा माझा शिरस्ता होता.

गाडी हौसेसाठी नव्हती. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी बीडला डायलिसिस. गावातून एसटीनं जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं आणि परत एसटीनं यायचं. जाताना फारसं काही वाटायचं नाही. येताना मात्र अण्णा पिळून दोरीवर टाकलेल्या धोतरासारखे दिसायचे, आणि बसायला जागा मिळेलच असं नसायचं.

वर्ष दुष्काळाचं होतं. डॉक्टरांनी अण्णांना दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं आणि टँकरनं गावाला. अण्णा ओट्यावर बसून टँकरची रांग बघत म्हणायचे, "आता समद्या गावालाच डॉक्टरनं सांगितल्यागत झालंय. मी एकटाच आजारी न्हाई."

नव्या गाडीचा रस्ता आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेतून जात होता. त्यासाठी दोन जामीनदार लागत. आमच्याकडे जामीन राहणं म्हणजे सोयरीक करण्यासारखं असतं: आज तू मला, उद्या मी तुला. विज्ञानाचे सर लगेच तयार झाले. ते माझे एकमेव जवळचे मित्र, आणि शाळेत माझ्याविषयी खरं बोलणारे एकटेच.

"सही करतो सर," ते म्हणाले, "पण रंग तरी ठरलाय का?"

"अजून तुलना चालू आहे."

"म्हणजे माझी पोरगी लग्नाला आल्यावर या. दोघांचे कागद संगच करू."

जुन्या गाडीचा रस्ता सरळ होता. साठवलेल्या पैशांत ती येत होती, कुणाची सही लागत नव्हती. मला ती पटायची. काटकसरी, साधी, आपल्या लायकीची. पण अण्णांचं मत उलटं होतं.

"नवीच घे," ते म्हणाले. "आपल्या घरात सायकल आली ती जुनी, रेडिओ आला तो जुना, तुझी पुस्तकं बी वरच्या वर्गातल्या पोराची. एकदा तरी कोऱ्या गाडीचा वास घेऊ दे."

मी हेही वहीत लिहिलं. उजव्या पानावर, 'वास' असं.

तीन महिने गेले. डाव्या पानावर सत्तावीस मुद्दे झाले: टायर, क्लच, बॅटरी, गंज, विम्याची मुदत. उजव्या पानावर चोवीस. मी प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण दिले, बेरीज केली आणि दोन्ही बाजूंची बेरीज जवळपास सारखीच आली, म्हणून गुण देण्याची पद्धत बदलली. बायको निवडलेल्या तांदळाचं सूप खाली ठेवून म्हणाली, "अहो, गाडी घेताय का पीएचडी करताय?"

पतसंस्थेच्या बैठकीत माझा अर्ज दोनदा पुढे ढकलला गेला. बोअर घ्यायला कर्ज मागणाऱ्यांची रांग लागली होती, आणि अशा वर्षात गाडीला कर्ज देणं बरं दिसत नाही, असं संचालकांचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. निर्णय दुसऱ्यांनी लांबवला की आपल्याला स्वस्थ वाचत बसता येतं.

मग एका मंगळवारी अण्णा बीडच्या बसस्थानकावर खाली बसले. पडले नाहीत, ते नंतर सगळ्यांना हेच सांगत, "पडलो न्हाई, बसलो." बस लागली, माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावली, अण्णांना दोन पावलं टाकता आली नाहीत आणि ते फलाटाच्या कडेला उन्हात बसले. मी त्यांच्या डोक्यावर वहीची सावली धरून उभा राहिलो. तीच वही. तिचा तेवढा उपयोग झाला.

त्याच रविवारी मी विज्ञानाच्या सरांना घेऊन परळीला गेलो. तिथल्या एका माणसाकडे जुन्या गाड्या असतात असं कळलं होतं. औष्णिक वीज केंद्राची राख सगळ्या परळीवर असते, तशी ती त्याच्या मोकळ्या जागेतल्या गाड्यांवरही बसलेली होती. सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. मी वही उघडली आणि सत्तावीस प्रश्न क्रमानं विचारले. तो माणूस विसाव्या प्रश्नाला खुर्चीत बसला आणि पंचविसाव्याला त्यानं चहा मागवला.

"सर, शाळा तपासायला आलाव का गाडी?"

बॉनेटच्या कोपऱ्यात एक छोटं भोक होतं. मी ते बोटानं दाखवलं.

"ते काय न्हाई," तो म्हणाला. "आधीच्याला झेंडा लावायची हौस होती."

मी 'बॉनेट: भोक एक, किरकोळ' असं लिहून घेतलं. कागदपत्रं एका कंत्राटदाराच्या नावावर होती. तो दुसरा मालक. पहिला कोण, हा माझा अठ्ठाविसावा प्रश्न असायला हवा होता. रंगापुढे मी 'राखाडी' लिहिलं आणि गाडी घेतली.

माझं लायसन्स नवं असल्यामुळे येताना विज्ञानाच्या सरांनी चालवली. गाडी दारात लागली तेव्हा अण्णा झोपलेले होते. त्या वर्षी गाडी धुणं म्हणजे गावासमोर पाप करण्यासारखं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं कपडे धुतलेलं उरलंसुरलं पाणी घेतलं, फडकं बुडवलं आणि बॉनेटवरून एक हात फिरवला. फडक्याखालून पांढरीशुभ्र पट्टी निघाली.

अण्णा ओट्यावरून बघत होते. त्यांनी चष्मा लावला, काठी टेकत खाली आले, गाडीच्या मागे गेले आणि नंबर वाचला. मग पुन्हा पुढे येऊन बोट त्या भोकात घातलं.

"ही गाडी कुणाची हाय, माहिती हाय का तुला?"

"परळीच्या एका कंत्राटदाराची."

"चेअरमनची हाय."

आमच्या भागात चेअरमन म्हटलं की नाव सांगावं लागत नाही. सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. अण्णा त्या कारखान्याचे सभासद होते आणि विरोधी पॅनेलकडून तीनदा संचालकपदाला उभे राहून तीनदा पडले होते. तिसऱ्या पराभवानंतरच्या हंगामात आमच्या उसाला तोडीची चिठ्ठीच आली नाही. चिठ्ठी आल्याशिवाय टोळी येत नाही, टोळी आल्याशिवाय ऊस जात नाही. शेजारचे सगळे फड तुटले. आमच्या उसाला तुरे आले, मग तो वाळला, आणि शेवटी अण्णांनी तो जनावरांच्या चाऱ्याला वाटून टाकला. त्या वर्षी एका सकाळी ते चेअरमनच्या गाडीपुढे रस्त्यात उभे राहिले होते. गाडी थांबली नाही. चालकानं ती रस्त्याच्या खाली घातली, अण्णांना वळसा घालून वर काढली आणि निघून गेला. धुरळा बसल्यावर अण्णांना दिसला तो फक्त मागचा नंबर. तो त्यांनी तेव्हाच पाठ केला होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. नंबर ठाऊक नव्हता. मला कविता पाठ असतात.

"अण्णा, आता ती आपली आहे," मी म्हणालो.

"तुझी हाय. मी एसटीनं जातो."

मंगळवारी ते खरंच एसटीनं गेले. बायकोनं त्यांची पिशवी भरून दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही पण जा मागं." मग मी त्या एसटीच्या मागे गाडी चालवत बीडपर्यंत गेलो. रिकामी गाडी, तिसऱ्या गिअरमध्ये, प्रत्येक थांब्यावर थांबत. अण्णा शेवटच्या बाकावर बसले होते. मागच्या काचेतून ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मांजरसुंब्याच्या घाटात आम्ही बापलेक असे एकमेकांकडे बघत उतरलो. येतानाही तेच. दोन आठवडे, चार खेपा.

"सर," विज्ञानाचे सर म्हणाले, "पायलट गाडी पुढं असती. मागं न्हाई."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. अण्णांना ओळखू आली तशी ती गाडी रस्त्यावरच्या प्रत्येकाला ओळखू येत होती. फाट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहत, हात जोडत. मला कुणी नमस्कार केला की परत केल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही हात सोडून नमस्कार करण्याच्या नादात मी एकदा बाभळीत शिरता शिरता वाचलो. एका वस्तीच्या फाट्यावर तर दहाबारा बायका रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यातच उभ्या राहिल्या. मी काच खाली केली.

"सायेब, चार रोज झालं टँकर न्हाई."

"मी साहेब नाही. मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

पुढे उभ्या असलेल्या म्हातारीनं मला नीट पाहिलं. चष्मा, खिशातलं पेन, मांडीवरची वही.

"मग चेअरमनच्या गाडीत कशापायी बसलास?" ती म्हणाली.

मी वही मिटून बाजूला ठेवली. मी माफी मागितली, कशाची ते मलाही कळलं नाही, आणि एसटी गाठायला निघालो.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, बीडहून परत येताना, एसटी घाटातच बंद पडली. दुपार होती. माणसं उतरून दगडांच्या सावलीत उभी राहिली. सावली दगडांनाच पुरत नव्हती. अण्णा रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. त्यांचा चेहरा त्या बसस्थानकावरच्या मंगळवारसारखा झाला होता. मी गाडी मागे लावली, दार उघडलं आणि ते धरून उभा राहिलो.

कंडक्टर अण्णांजवळ गेला. "बाबा, दुसरी बस कवा येईल सांगता येत न्हाई. मागं ते पोरगं रिकामी गाडी घेऊन रोज कुणाच्या मागं फिरतंय, माहीत न्हाई. पण त्याला विचारून बघतो."

"माझंच हाय ते," अण्णा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हे सांगताना लाज वाटली असावी.

थोडा वेळ ते गाडीकडे बघत राहिले. मग उठले. "एकटा बसणार न्हाई," त्यांनी जाहीर केलं, आणि एक बाळंतीण, तिची आई आणि एका पायानं अधू असलेला माणूस अशा तिघांना हाक मारली. पुढचं दार मी उघडलं होतं, ते त्यांनी बंद केलं.

"मागं. तो जिथं बसायचा तिथंच बसतो."

मांजरसुंबा मागे पडलं. त्या वस्तीच्या फाट्यावर पुन्हा घागरी घेतलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांनी या वेळी कागद तयार ठेवला होता. पुढच्या काचेतून मी दिसताच म्हातारी "हा मास्तर" म्हणून मला ओलांडून मागे गेली. मागे पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि खिडकीवर ठेवलेला हात. तिनं कागद आत दिला.

मला वाटलं अण्णा तो परत करतील. त्यांनी चष्मा लावला आणि वाचला.

"घरं किती?"

"तीस-पस्तीस."

"तीस का पस्तीस? मोजून सांगा. जनावरं? टँकर शेवटी कवा आलता? हितं कायच लिवलं न्हाई. नुसतं 'टँकर सोडा'. तहसीलदाराला काय सोडायला लागतंय, केराची टोपली हाय त्याच्यापाशी." मग माझ्या खांद्यावर काठी टेकवून म्हणाले, "मराठीचा मास्तर हायस ना? काढ वही."

मी वही काढली. उजव्या पानाच्या मागे कोरी जागा होती, तिथं अण्णा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. पस्तीस नव्हे, एकतीस घरं निघाली. बाळंतीण आणि तिची आई गाडीत वाट बघत बसल्या आणि अधू माणूस मधूनमधून शब्द सुचवत होता. माझ्या नोकरीत मी इतकं उपयोगी मराठी कधी लिहिलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी अण्णा स्वतःहून मागच्या सीटवर जाऊन बसले. दवाखान्याच्या आधी तहसील कचेरी. ते गाडीतच थांबले, मी अर्ज घेऊन आत गेलो. कारकून म्हणाला, ठेवा तिथं. मी ठेवला आणि आलो.

"पोच?" अण्णांनी विचारलं.

"टेबलावर ठेवलाय."

"जा परत. शिक्का घेतल्याबिगर अर्ज दिला म्हणतेत का? पोच हातात पडल्याबिगर हलायचं न्हाई तिथून."

मी परत गेलो. कारकुनाला "जरा पोच मिळेल का, म्हणजे शक्य असेल तर, घाई नाही" असं काहीसं म्हणालो. त्यानं घाई केली नाही. डायलिसिसला आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो आणि नर्स अण्णांना रागावली. अण्णा खूश होते.

त्यानंतरचे महिने असेच गेले. मंगळवार, शुक्रवार. वस्त्या, फाटे, अर्ज. अण्णा मागे बसून काच खाली करत, चौकशी करत, मी लिहीत असे. तीनदा पडलेल्या माणसाला निवडून न येता कारभार मिळाला होता. दोन ठिकाणी टँकर खरंच आला. आमच्यामुळे आला की येणारच होता, हे मी सांगू शकत नाही. अण्णा मात्र सांगत. एकदा समोरून चेअरमनची नवी मोठी गाडी आली. जुनी गाडी ओळखून तिच्या चालकानं सवयीनं हात वर केला. अण्णांनी मागच्या सीटवरून तो नमस्कार चेअरमनच्या थाटात, नुसती मान हलवून, स्वीकारला. मग घरी येईपर्यंत ते हसत होते, आणि हसल्यावर त्यांना धाप लागायची म्हणून मी गाडी दोनदा थांबवली.

त्या दिवशी मी विचारलं, "नवी घेतली असती तर बरं झालं असतं का, अण्णा? तुम्हाला वास घ्यायचा होता."

"नवीला कुणी थांबवलं असतं?" ते म्हणाले.

दोन्ही पानांवर मिळून एक्कावन्न मुद्दे होते. हा त्यात नव्हता.

अण्णा पावसाळ्याच्या तोंडाशी गेले. एका गुरुवारी, घरीच. शुक्रवारची पिशवी भरलेली होती. तेराव्यानंतर विज्ञानाचे सर आले आणि म्हणाले, "सांगावं का नको कळंना. पतसंस्थेनं तुमचं कर्ज मंजूर केलंय."

"बघतो," मी म्हणालो. "तुलना करतो."

ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

पुढच्या शुक्रवारी सवयीनं मी सकाळी गाडी काढली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मागच्या सीटवर अण्णांची चष्म्याची पेटी राहिली होती, ती काढायला गेलो तर सीटच्या खिशात एक अर्ज सापडला. त्याच म्हातारीच्या वस्तीचा, माझ्याच अक्षरातला, तिन्ही प्रती, शिक्का एकावरही नाही. तो त्या शुक्रवारी द्यायचा होता.

मी तहसील कचेरीत गेलो. कारकुनानं अर्ज वाचला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर चिखल होता.

"सर, पाऊस झाला की. टँकर बंद झालेत."

"हो," मी म्हणालो. "पोच द्या."

"अहो, पण आता उपयोग काय?"

"पोच द्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी तिथंच उभा राहिलो. मागे रांग लागली, कुणीतरी "चला हो" म्हणालं. शेवटी त्यानं शिक्का उचलला आणि कागदाला इजा होईल इतक्या जोरात मारला.

येताना फाट्यावर थांबलो. म्हातारी एकटीच होती, शेळ्या घेऊन. ती गाडीपाशी आली, मला ओलांडून मागे वाकली आणि परत पुढे आली.

"म्हातारं कुठाय?"

मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि दुसरा हात गाडीच्या दारावर ठेवला. मग मी तिला शिक्क्याचा कागद दिला.

"आता काय करू ह्याचं? पाऊस पडला."

"ठेवा. लागेल."

तिनं कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. "उन्हाळ्यात येशील न्हवं? त्यांच्या बदली?"

"येतो," मी म्हणालो, आणि गाडी सुरू केल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी वहीत न लिहिता बोललो होतो.

घरी आल्यावर पतसंस्थेला कर्ज नको असल्याचा अर्ज लिहिला. सोमवारी तो नेऊन दिला आणि त्याचीही पोच घेतली. आता हे लिहितो आहे ते त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर, रोज थोडं थोडं. डावं-उजवं पाहत नाही. मधली लाल रेघ आडवी येते, तिच्यावरूनच लिहीत जातो.